कापगते मॅडम आणि दुसरा थर

हातात आलेली कोणतीही सपाट वस्तू उजेडात तिरपी धरून पाहायची, ही कापगते मॅडमची सवय होती. जेवणाचं ताट असो, उत्तरपत्रिका असो, नवी पाटी असो, मॅडम ती आधी खिडकीकडे न्यायच्या आणि डोळा बारीक करून तिच्या पाठीवरून नजर फिरवायच्या. कॉलेजातल्या माझ्या पहिल्याच दिवशी मधल्या सुट्टीत, ओळख व्हावी म्हणून, मी माझ्या डब्यातली भाजी एका स्टीलच्या ताटलीत वाढून त्यांच्यापुढे केली. त्यांनी ताटली घेतली, भाजीसकट उजेडाकडे कलती केली, रस्सा काठापर्यंत आला, आणि ताटली माझ्या हातात परत दिली.

"साबन हाये याच्यावर," त्या म्हणाल्या. "भाजी मस्त दिसते. डब्याच्या झाकनात दे."

मला राग आला होता. पण घरी जाऊन मी ती ताटली तशीच तिरपी धरली, तर खरंच तिच्यावर साबणाचा पुसट पांढरा पट्टा होता. आठ-दहा महिने मी त्याच ताटलीत जेवत होते.

मी तेव्हा चोवीस वर्षांची, तासिका तत्त्वावर नुकतीच लागलेली. मॅडम चाळिशी ओलांडलेल्या. सडक अर्जुनी तालुक्यातल्या आमच्या कॉलेजात त्या अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवायच्या. उंच, काटक, केस घट्ट बांधलेले, सुती साडी आणि पायात पुरुषी चामडी चप्पल. बोलणं अस्सल झाडीबोलीतलं. वर्गात पुस्तकी मराठी, बाकी सगळीकडे घरची बोली, आणि दोन्हींत सारखाच सडेतोडपणा. शिक्षकांच्या खोलीत त्यांच्याविषयी एवढंच माहीत होतं की त्या तरुणपणी बाहेर कुठे तरी मोठ्या संस्थेत संशोधनाला गेल्या होत्या, तिथं काही तरी बिनसलं, आणि त्या परत आल्या. लग्न केलं नाही. बोडीटोला नावाच्या गावात थोरला भाऊ यशवंत आणि त्याची बायको यांच्यासोबत राहायच्या.

कापगते कोहळी. आमच्या भागातले जुने तलाव बांधणारे ते हेच लोक. शेतातल्या लहान तळ्याला आमच्याकडे बोडी म्हणतात. मॅडमचे वडील बोडी खोदायच्या आधी जागेवर दिवसभर अनवाणी फिरायचे, म्हणे, आणि माती जिभेला लावून पाहायचे. "पैले बूड पाय, मंग पानी," म्हणजे आधी तळ पाहा, मग पाणी, हे त्यांचं वाक्य मॅडमनी उचललं होतं. पोरांनी गणित घाईनं सोडवलं की तेच, प्राचार्यांनी नवी योजना सांगितली की तेच. एकदा एका सहकाऱ्यानं मुलीसाठी आलेल्या स्थळाचं फार कौतुक चालवलं होतं, तेव्हाही मॅडमनी वहीतून मान वर न काढता तेच सुनावलं.

पंचक्रोशीत मात्र त्यांची ख्याती वेगळीच होती. दर पंधरा-वीस दिवसांनी त्या स्कूटीच्या पायाशी एक ॲल्युमिनियमचं कॅन ठेवून जनावरांच्या दवाखान्यातून येताना दिसायच्या. गायीम्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी तिथं द्रव नायट्रोजन ठेवलेला असतो. भरणारी गाडी आली की जुन्या कॅनच्या तळाशी उरलेला नायट्रोजन तिथले टेंभरे डॉक्टर मॅडमना देऊन टाकायचे. गावानं त्यातून काढायचा तो अर्थ काढला. एका सकाळी मी त्यांच्या घरी गेले होते, तर अंगणात एक म्हातारबाबा गाय घेऊन उभे.

"मॅडम, माजावर आली हाये. सुई लावून द्या."

मॅडमनी गायीकडे पाहिलं, म्हाताऱ्याकडे पाहिलं. "बाबाजी, मी गायीची डॉक्टर नोहो. मी पेन्सिलीची डॉक्टर हाव."

"मंग ते नळकांडं कायले आनता दवाखान्यातून?"

"पेन्सिलीले थंडी वाजवाले."

म्हातारा हसला नाही, मॅडमही हसल्या नाहीत. त्यांनी चपला घातल्या आणि गायीसोबत चालत त्याला दवाखान्यापर्यंत पोचवून आल्या. त्या दिवशी त्यांचा पहिला तास बुडाला. त्यांचा तास बुडालेला मी दुसऱ्यांदा कधी पाहिला नाही.

पेन्सिलीची डॉक्टर ही थट्टा नव्हती. पेन्सिलीच्या शिश्यात असतं ते ग्रॅफाइट, आणि मॅडमचं सगळं कुतूहल ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर खिळलेलं होतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेमागे मोडक्या बाकांची एक खोली होती. तिच्यात त्यांनी एक जुना निर्वात पंप, तेलाचा दाबमापक, क्वार्ट्झची नळी आणि स्वतः तार गुंडाळून केलेली भट्टी मांडली होती. तासानंतर त्या तिथं जायच्या. लोक त्या खोलीला मॅडमचं देवघर म्हणायचे. आत काय चालतं ते विचारायला मात्र कोणी जायचं नाही. मी गेले, ते भीत भीत.

"कायचा प्रयोग करून राहिल्या मॅडम?"

त्यांनी मला नीट न्याहाळलं. खरंच विचारते आहे की वेळ घालवते आहे, याचा अंदाज घेतला असावा. मग कोपऱ्यातला गंज उचलला, म्हणजे भाताचं पातेलं, अर्धा पाण्यानं भरला आणि पाण्यावर काडेपेटीची एक काडी सोडली.

"आता हा गंज गरकन फिरव. अन् काडीकडं पाय."

मी फिरवला. गंज फिरला, काडी जवळपास जागेवरच राहिली.

"दिसलं? भांडं फिरते, पानी लगेच फिरत नाई. पन फिरवतच राहिली तर हळूहळू पानीबी संगं फिरते. काऊन? पान्याले भांड्याचं घर्षण लागते. आता असं पानी समज ज्याले घर्षणच नाई. गंज जलमभर फिरव, ते जागचं हलनार नाई. तसं एक पानी हाये. हेलियम. शून्याखाली दोनशे सत्तर अंशाच्याबी खाली नेलं का ते असं होते."

त्याला अतिप्रवाही हेलियम म्हणतात, एवढं मी पुस्तकात वाचलेलं होतं. पण मॅडमना भांडंभर हेलियममध्ये रस नव्हता. त्यांना हवा होता एका अणूच्या जाडीचा थर, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. इतक्या पातळ पदरातही हेलियम घर्षणाशिवाय वाहतं का? कितव्या थरापासून वाहतं? हे पाहायचं तर ज्यावर थर द्यायचा ती जमीन अणूंच्या मापानं सपाट हवी. काच चालत नाही, धातू चालत नाही, त्यांच्यावर अणूंच्या मापाच्या डोंगरदऱ्या असतात. ग्रॅफाइट मात्र कार्बनच्या सपाट पदरांनीच बनलेलं असतं. त्याच्यावर हेलियमचा पहिला थर इतका घट्ट चिकटतो की गोठल्यासारखा होतो. प्रश्न असतो तो दुसऱ्या थराचा.

"अन् एवढासा थर वाहून राहिला हे समजते कसं?" मी विचारलं.

"डबी लटकवाची. आत ग्रॅफाइट चिकटवाचं, बारीक दांडीवर डबी टांगाची, अन् तिले इकडून तिकडं पीळ देत झुलवाची. थर चिकटून हाये तवरीक डबीले त्याचं वजन ओढा लागते. थर मोकळा झाला का डबी हलकी होते अन् जराशी लवकर झुलते. जराशी म्हंजे किती? लाखात एखादा हिस्सा. पन मोजता येते."

हेलियम गोंदियात मिळणं शक्य नव्हतं, आणि ती थंडी तर नाहीच. नायट्रोजन मिळत होता. तेवढ्यावर एकच काम करता येत होतं. ग्रॅफाइटचा पृष्ठभाग खरंच स्वच्छ आहे का आणि त्याच्यावर एका थराला नेमके किती अणू पुरतात, हे मोजणं. मॅडम ते वर्षानुवर्षं करत होत्या. का करत होत्या, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

ग्रॅफाइटही आमच्याच जिल्ह्यात मिळत होतं, हे ऐकून मी थक्क झाले. प्रयोगशाळांत वापरतात ते ग्रॅफाइटचे पापुद्रे फुलवून, लाटून केलेलं शीट, आणि तेच शीट वाफ गळू नये म्हणून बॉयलरच्या सांध्यांत घालतात. गोंदियात भाताच्या गिरण्या ढिगानं, त्यामुळे बॉयलरही ढिगानं. एका रविवारी मॅडम मला शफीभाई नावाच्या बॉयलर मिस्त्रीच्या दुकानात घेऊन गेल्या. त्यांनी गठ्ठ्यातलं एकेक काळं शीट उचललं, दारात नेलं, तिरपं धरलं आणि बाजूला ठेवलं.

"मॅडम, बॉयलर का पॅकिंग है," शफीभाई म्हणाले. "साडी देख रहे हो क्या?"

"ये नहीं चलेगा, अंदर लोहे की जाली है. इसमें गोंद मिलाया है. वो नीचेवाला दिखाओ."

"नीचेवाला महंगा है, कोई लेता नहीं."

"तो मेरे लिए ही रखा होगा," मॅडम म्हणाल्या आणि बसकण मारून खालचा गठ्ठा सोडायला लागल्या.

त्या शीटच्या चकत्या आम्ही कापल्या. क्वार्ट्झच्या नळीत घालून, पंप चालू ठेवून, लालबुंद होईपर्यंत तापवल्या. मग नळी नायट्रोजनमध्ये बुडवली. आत नायट्रोजनचाच वायू थोडा थोडा सोडायचा आणि दर वेळी दाब वाचायचा. पृष्ठभाग वायू पीत असतो तोवर दाब चढत नाही. थर भरत आला की चढू लागतो. आकडे मी लिहीत होते, आलेख मीच काढत होते. थर भरल्यानंतर दाब छान चढत चालला होता, आणि मध्येच एका जागी तो अडला. वायू सोडला, तरी दाब जवळपास तिथंच. मला वाटलं, माझ्या हातून झडप नीट उघडली नसेल. मी ते टिंब खोडलं आणि वळणदार रेषेवर बसवलं.

मॅडमनी आलेख घेतला, खिडकीकडे नेला. खोडरबरानं कागद जिथं खरबरीत झाला होता तिथं त्यांचं बोट थांबलं.

"हे टिपकं इथंच होतं, का तू सरकवलं?"

"चुकलं होतं मॅडम, म्हणून..."

"कोन सांगतलं तुले चुकलं म्हनून?"

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "पुन्हा कर," एवढंच म्हणाल्या आणि स्टुलावर बसून राहिल्या. मी पुन्हा केलं. दाब त्याच जागी अडला. तिसऱ्यांदा केलं, कॅनमधला नायट्रोजन तळाला गेला होता, तरी पुन्हा तिथंच अडला. मी वळून पाहिलं, तर मॅडम दोन्ही हात गालांवर ठेवून हसत होत्या. लहान मुलीला जत्रेत पाळणा दिसावा तसा तो चेहरा होता.

"बस भरली म्हनून कंडक्टर थांबते का वो? 'सरका, सरका' म्हनते अन् चार जन आनखी कोंबते. थर भरला होता. तरी अनू जवळ जवळ सरकले अन् आनखी थोडे मावले. म्हनून दाब थांबला. बूड खडबडीत असलं का हे दिसत नाई, वैशाली. हे दिसलं म्हंजे आपलं शीट साफ हाये. अन् तू तेच पुसून टाकत होतीस."

तोपर्यंत त्या मला बिसेनबाई म्हणायच्या. वैशाली त्या दिवसापासून झाले.

त्याच संध्याकाळी आम्ही कोहमाऱ्याच्या फाट्यावर, एका ढाब्याच्या बाकावर चहा पीत माझ्या बसची वाट पाहत होतो. मी धीर करून विचारलं, "मॅडम, तुम्ही संशोधन काऊन सोडलं?"

त्यांनी पेला खाली ठेवला आणि एखाद्या प्रयोगाची कृती सांगावी तसं सांगितलं. त्यांच्या संस्थेत अशीच डबी होती, तिथं तिला सेल म्हणायचे, आणि असंच ग्रॅफाइट. चार वर्षांच्या खटाटोपानंतर एका हिवाळ्यात डबी लवकर झुलली. हिशेबानं तो दुसरा थर होता. तिसऱ्या थरात हेलियम वाहतं याचं कोणाला नवल वाटलं नसतं. दुसऱ्या थरात वाहतं ही बातमी होती. लेख लिहिला गेला, छापायला स्वीकारला गेला. नंतर यंत्र गरम करून मॅडमनी डबी उघडली आणि ग्रॅफाइट उजेडात धरलं. एका कडेला, नखाएवढ्या जागी, वेगळीच चमक होती. चिकटवायचा गोंद ओघळून आत शिरला होता. ग्रॅफाइटचं क्षेत्रफळ मोजलं होतं ते गोंद लावण्याआधी. म्हणजे खरी जागा हिशेबापेक्षा कमी. जागा कमी तर थर आधी भरणार. मग ज्याला त्या दुसरा थर म्हणत होत्या तो कदाचित तिसरा असेल.

"सरांले सांगतलं. ते म्हनाले, नखाएवढ्या डागानं काय होते? मी म्हनलं, होत नसन, पन आपल्याले मालूम नाई. पुन्हा करू. यंत्र दुसऱ्यांकडं गेलं होतं, साल-दीड साल मिळनार नव्हतं. ते म्हनाले, छापू दे. मी संपादकांले पत्र लिवलं, का माह्या मोजमापात शंका हाये. लेख मागं घ्या लागला. सर मंग बोलले नाईत माह्याशी. शिष्यवृत्तीची मुदत संपली. मी धानाच्या रोवन्याच्या टायमाले घरी आली, ते इथंच राहिली."

"पस्तावा होत नाही?"

"पस्तावा नाई वो. खाजवते." त्यांनी छातीवर बोट ठेवलं. "दुसरा होता का तिसरा? एवढंच खाजवते."

बस आली. मी चढले, आणि खिडकीतून पाहिलं तर त्या ढाब्यावरची रिकामी परात उचलून दिव्याकडे धरत होत्या.

पुढच्या वर्षी मला संशोधनासाठी जागा मिळाली, दक्षिणेतल्या एका संस्थेत, जिथं ती थंडी निर्माण करता येत होती. निघताना मॅडमनी मला काचेच्या नळीत बंद केलेल्या चार चकत्या दिल्या आणि एक वही. वहीत त्या शीटची एकूण एक मोजमापं होती, अनेक वर्षांची. "हात नोको लावजो," एवढा एकच उपदेश. आशीर्वाद वगैरे नाही.

डबी बांधण्यातच माझी तीन वर्षं गेली. गोंद वापरायचाच नाही असं मी ठरवलं होतं. ग्रॅफाइट धातूच्या पत्र्यांना उष्णतेनं आणि दाबानं जोडायला मी शिकले, दोनदा डबी वाया घालवली. अखेर एका दुपारी हेलियमचा दुसरा थर भरत असताना पडद्यावरची रेष वळली. डबी लवकर झुलू लागली होती. मी यंत्र गरम केलं, पुन्हा थंड केलं, पुन्हा मोजलं. तीनदा. मॅडमच्या वहीतल्या मोजमापानुसार त्यात शंकेला जागा नव्हती. दुसराच थर होता.

आनंद झाला, तो दहा मिनिटं टिकला. कारण याचा अर्थ असा होता की मॅडमनी मागे घेतलेला लेख बरोबर होता. त्या नखाएवढ्या डागानं काहीच बिघडलं नव्हतं. त्या गप्प राहिल्या असत्या तर आज कुठल्या तरी संस्थेत स्वतःच्या प्रयोगशाळेत बसल्या असत्या. जगानं मानलं असतं, आणि मानलं ते खरंही ठरलं असतं.

हे त्यांना सांगायचं की नाही, यावर मी दोन महिने झुरले. फोनवर त्या विचारायच्या, "काय म्हनते डबी?" आणि मी म्हणायचे, "चालू आहे." मला खोटं बोलता येत नाही हे त्यांना ठाऊक होतं. एकदा त्या म्हणाल्या, "तू आता टिपकं सरकवून नाई राहिली, लपवून राहिली हास." मग मी तिकीट काढलं.

बोडीटोल्याला पोचले तेव्हा दुपार होती. मॅडम ओसरीवर उत्तरपत्रिका तपासत होत्या. यशवंतदादा शेतावर गेले होते. मी काही न बोलता आलेख त्यांच्यापुढे ठेवला. त्या पाहत राहिल्या. मग प्रश्न सुरू झाले. ग्रॅफाइट किती वेळ तापवलं? किती वेळा थंड केलं? जोडल्यावर क्षेत्रफळ पुन्हा मोजलं का? रिकामी डबी झुलवून पाहिली का? तासभर त्यांनी मला सोडलं नाही. वाद घातला, दोन ठिकाणी मला गोत्यात आणलं, एका ठिकाणी आपली चूक मान्य केली. अखेर लाल पेनाला टोपण लावलं.

"म्हंजे दुसराच होता."

"हो मॅडम." आणि मग मला राहवलं नाही. "तुम्ही ते पत्र लिहिलं नसतं तर..."

"तर काय?"

"बरोबर होतं ना ते! तेव्हाही बरोबरच होतं!"

"बराबर होतं," त्या शांतपणे म्हणाल्या. "पन मालूम नव्हतं. आता मालूम झालं. हे दोन येगळे हायेत, वैशाली."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, त्यांच्या नाही. त्यांनी मोबाइल उचलला आणि एक नंबर शोधायला लागल्या. जुन्या मोबाइलातून नव्यात, नव्यातून आणखी नव्यात उतरवलेला, पण कधीच न लावलेला. त्यांच्या सरांचा. "बाकीचं इचारलं तर तू सांगजो," म्हणून त्यांनी आवाज मोठा केला आणि मोबाइल आमच्या मध्ये ठेवला.

पलीकडून म्हातारा, खोल गेलेला आवाज आला. "कौन?"

"शालिनी बोल रही हूँ सर. कापगते."

"हाँ शालिनी. बोलो."

"सर, दूसरी परत में ही था."

काय दुसऱ्या थरात होतं, हे त्यांनी विचारलं नाही. इतक्या वर्षांनी एका वाक्यात त्यांना सगळं कळलं होतं. "पक्का?"

"पक्का. नया शीट, नया सेल, गोंद ही नहीं लगाया. लड़की ने तीन बार ठंडा किया है."

अंगणात यशवंतदादांची कोंबडी उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याकडे येत होती, मी तिला हाकललं नाही.

"वो गोंद का दाग," सर म्हणाले. "सेल बंद करते वक्त मैंने भी देखा था."

मॅडमचा हात गुडघ्यावर होता, तो तसाच राहिला. "तो बोला क्यों नहीं सर?"

"डर गया था. चार साल हो गए थे. फिर तुम बोलीं, तो तुम पर ही गुस्सा आया."

मला वाटलं, आता मॅडम काही तरी तोडून बोलतील. कोणाला सोडणाऱ्यातल्या त्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "तब्येत कैसी है सर?" मग थोडा वेळ साखरेच्या आजाराविषयी, गुडघ्यांविषयी बोलणं झालं. शेवटी त्यांनी विचारलं, "आजकल क्या करती हो?"

"ग्यारहवीं-बारहवीं पढ़ाती हूँ."

"बस?"

"और ग्रॅफाइट."

पलीकडे हसण्यासारखा आवाज आला, की रडण्यासारखा, मला सांगता येणार नाही. फोन बंद झाला.

मी संतापले होते. त्यांना माहीत होतं! डबी बंद करतानाच माहीत होतं! मी असं बरंच काही बोलले. मॅडम ऐकत नव्हत्या. त्यांचा चेहरा मोकळा झाला होता, ताप उतरलेल्या माणसाचा होतो तसा.

"म्हंजे डाग होता," त्या म्हणाल्या. "इतके वर्स मले वाटे, मीच एकटीनं पाह्यला. कधी कधी वाटे, होता का खरंच, का माह्याच डोळ्याचा खेळ? सेल तर त्यायनं धुऊन टाकला होता. दाखवाले काईच नव्हतं माह्यापाशी. आज समजलं, दुसऱ्या मानसानंबी पाह्यला होता."

इतक्या वर्षांत त्यांना छळत होतं ते हे होतं, आणि मला ते कधी सुचलं नव्हतं. गेलेल्या नोकरीचं, मानाचं दुःख मी त्यांच्यावर लादत होते, आणि त्या मात्र एका नखाएवढ्या डागाला साक्षीदार शोधत होत्या.

वहिनींनी चहा दिला. मॅडमनी आलेख पुन्हा ओढून घेतला आणि दुसऱ्या थराच्या पुढची कोरी जागा बोटानं दाखवली.

"अन् तिसरा? तिसरा थर भरताना काय होते?"

"तो नाही मोजला अजून. मला आधी तुम्हाला हे..."

"मंग इथं काय करून राहिली?" त्यांनी घड्याळ पाहिलं. "चार वाजताची बस हाये. चाय पी अन् निंघ."

त्यांनी खरोखरच मला चारच्या बसमध्ये बसवून दिलं.

आमची भेट ती शेवटचीच. पुढच्या हिवाळ्यात बारावीच्या वर्गात शिकवत असताना त्यांना भोवळ आली. नागपूरला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मेंदूत रक्तस्राव झाला होता, असं यशवंतदादांनी फोनवर सांगितलं. तिसऱ्या थराचे आकडे मी आदल्या आठवड्यातच त्यांना फोनवर वाचून दाखवले होते. त्यात एक जागा अशी होती की तिचा उलगडा मला होत नव्हता, आणि त्यांनाही झाला नव्हता. त्यावर त्या भलत्याच खूश होत्या.

लेख आम्हा दोघींच्या नावानं पाठवला होता, माझ्या मार्गदर्शकांचं नाव तिसरं. मॅडमचं नाव मी सगळ्यात आधी घातलं, त्याला कोणी हरकत घेतली नाही. छपाईच्या आधी नियतकालिकाकडून एक अर्ज आला. प्रत्येक लेखकाच्या नावापुढे त्याची संस्था लिहायची होती, आणि ती जागा कोरी ठेवली तर अर्ज पुढे सरकत नव्हता. मॅडमची संस्था कोणती? ज्या संस्थेतून त्या आल्या तिनं त्यांना पदवी दिली नव्हती. कॉलेजच्या कागदपत्रांत त्या मोडक्या बाकांच्या खोलीची नोंदच नव्हती. मी यशवंतदादांना फोन केला.

"दादा, मॅडमच्या नावापुढं काय लिहू?"

ते म्हणाले, "ते तर कुठं गेलीच नाई वो. इथंच होती. इथलंच लिव."

मी लिहिलं: शालिनी कापगते, बोडीटोला, तालुका सडक अर्जुनी, जिल्हा गोंदिया. छापून आलं तेव्हा ते तसंच होतं.